कर्मवीर दादासाहेब कन्नमवार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा पुष्कळ भगिनींनी पाककृती, विणकाम व प्रवासवर्णन हे विषय घेतले. मी कर्मवीर मारोतराव कन्नमवार यांचे चरित्र घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल आपण लिहावे की नाही, अशी शंका मनात आली. परंतु ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांचेच शाळेचे शिक्षण अपुरे राहिले होते व तरीही ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, हे आठवून धीर आला.

हल्ली मुलांना कन्नमवार कोण असे विचारले तर ती जागेचे नाव सांगतात. मुंबईस विक्रोळीला कन्नमवार नगर आहे. चामोर्शी तालुक्यात दिना नदीवरील रेगडीचा जलाशय त्यांच्या नावाचा आहे. चंद्रपुरात २०१५ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे. नाव ठिकठिकाणी राहिले आणि माणूस मात्र विस्मरणात गेला. आजवर चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांतून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेले ते एकटेच. त्यांना ते पद मिळाले ते अवघे एक वर्ष आणि चार दिवस.

दादासाहेबांचा जन्म १० जानेवारी १९०० चा. घर बेलदार समाजाचे. दगड फोडावे, माती वाहावी, दुसऱ्यांची घरे व विहिरी बांधून द्याव्या, हा त्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आडनाव ऐकले की मूळ तेलुगु मुलखाकडचे हे ध्यानात येते. आपल्या जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ आहेत. घरात थोडी तेलुगु, दारात मराठी आणि बाजारात गोंडीचे चार शब्द, असा आपला संसार. घरी गरिबी होती. शाळा शिकण्याची हौस होती, पण पोटाचा प्रश्न पुढे उभा असे. त्यांनी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली. पुढे त्याच वर्तमानपत्रांत त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत छापून आले. मुंबईच्या काही पत्रांनी त्यांच्या कमी शिक्षणाची थट्टाही पुष्कळ केली.

१९२० च्या डिसेंबरात नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले व असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. दादासाहेब तेव्हा वीस वर्षांचे. आपल्या भागातील अनेक तरुण त्या वाऱ्याने घराबाहेर पडले, त्यांत तेही होते. पुढे १९३० साली वऱ्हाड-नागपुराकडे मिठाच्या सत्याग्रहाऐवजी जंगल सत्याग्रह झाला. आपल्याकडे समुद्र नाही, मीठ कोठून उचलणार? म्हणून लोक सरकारी रानात शिरत, विळ्याने गवत कापत आणि अटक करून घेत. ज्या बाईने सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन जंगल नाक्यावरच्या शिपायाची बोलणी खाल्ली आहेत, तिला ह्या सत्याग्रहाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जंगल कोणाचे, हा प्रश्न त्या वेळी विळ्याने विचारला गेला. त्याचे उत्तर कायद्यात यायला २००६ साल उजाडले, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो २००९ साली. म्हणजे विळा उचलल्यापासून जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

ह्या सर्व चळवळींत दादासाहेबांना वारंवार तुरुंगवास घडला. १९४२ चा उठाव तर आपल्या जिल्ह्यात फार तीव्र झाला. नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, चिमूरला गोळीबार झाला, इंग्रज सरकारचे अधिकारी मारले गेले व नंतर गावावर लष्कर घातले गेले. बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचविण्यासाठी अनसूयाबाई काळे ह्यांनी अपार खटपट केली. हे थोडे विषयांतर झाले. पण चिमूरचे नाव ह्या लेखात पुन्हा एकदा यावयाचे आहे, म्हणून लिहून ठेवले.

आता मुख्य गोष्ट. नवरा तुरुंगात किंवा काँग्रेसच्या कामासाठी गावोगाव, मग घर कसे चालले? दादासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई, ज्यांना पुढे सारे लोक ताई म्हणू लागले, त्यांनी खाणावळ चालवून संसार सांभाळला. खाणावळ चालवणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळातील डबे करणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे. पहाटे चारला चूल पेटवायची, धुराने डोळे लाल करून घ्यायचे, तांदूळ किती टाकावा ह्याचा अंदाज माणसे येण्याआधी बांधायचा. दोन माणसे जास्त आली तर वरणात पाणी वाढवायचे, आणि दोन कमी आली तर उरलेला भात आपल्या ताटात घ्यायचा. महिनाअखेर एखादा जेवणारा पैसे बुडवून गाव सोडून जातो, तेव्हा किराणा दुकानदाराची उधारी मात्र आपल्याच नावावर राहते. नेत्यांच्या चरित्रांत तुरुंगाच्या तारखा असतात, ह्या उधारीच्या तारखा कोणी लिहून ठेवीत नाही. दादासाहेब देशासाठी मोकळे राहू शकले, कारण त्यांच्या पाठीमागे रोज दोन्ही वेळ चूल पेटत होती. मला तर वाटते, गरिबांचे राज्य चालवण्याचे जे शिक्षण त्यांना मिळाले त्यातले अर्धे ह्या खाणावळीतले असावे. ज्याच्या घरी चार पैशांत जेवणाऱ्यांची पंगत बसते त्याला बाजारात तांदूळ महागला हे विचारण्यासाठी कारकुनाला बोलवावे लागत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास व नंतर ते नागपूर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले व अनेक वर्षे त्या पदावर राहिले. पक्षाचे अध्यक्षपद मंत्रिपदासारखे नसते. त्यात हुकूम कमी आणि मनधरणी जास्त. रुसलेल्याला बोलवावे, भांडणाऱ्या दोघांना एका सतरंजीवर बसवावे, हे आपल्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनाही चुकलेले नाही. लोकांत मिसळणारा माणूस अशीच त्यांची ख्याती होती. १९५२ साली मूल-सावलीच्या भागातून ते विधानसभेवर गेले. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता व राजधानी नागपूर होती. पं. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य खाते आले.

आरोग्य खाते आणि आपला जिल्हा ह्यांचा संबंध काय, हे हिवतापाने माणूस गमावलेल्या घराला विचारावे. १९५३ साली देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली व घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारण्यास सुरुवात झाली. त्या फवारणीने कितीतरी जीव वाचले. परंतु फवारणारी माणसे रस्ता असेल तेथपर्यंतच जातात. रस्ता संपला की मोहीम संपते. पुढे द्वैभाषिकात व महाराष्ट्रात दादासाहेबांकडे इमारती व दळणवळणाचे खाते आले, ते मला ह्यासाठी महत्त्वाचे वाटते. दवाखाना आणि रस्ता ही दोन खाती नव्हेत, एकच खाते आहे. आजही गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे पुष्कळ रोगी सापडतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि अडलेल्या बाईला खाटेवर घालून माणसे नाला ओलांडतात. मुंबईत बसून योजना करणाऱ्याला खाट दिसत नाही, त्याला फक्त रुग्णवाहिकांची संख्या दिसते. दोन्ही खाती पाहिलेला आपल्याकडचा एक माणूस तेथे होता, त्याला आणखी दहा वर्षे मिळती तर काय होते, असे वाटत राहते. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तोही १९८२ साली. तोपर्यंत सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत यावयाचे म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटर रान तुडवीत चांद्याला यावे लागे.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळते. आपला विदर्भ वेगळा असावा, हे दादासाहेबांचे एके काळचे मत होते. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानेही वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. पण १९५६ साली आपण मुंबईच्या द्वैभाषिक राज्यात गेलो, नागपूरची राजधानी गेली, आणि १९६० च्या १ मे ला महाराष्ट्र झाला. दादासाहेबांनी आपला आग्रह सोडला व यशवंतराव चव्हाणांच्या बरोबरीने ते महाराष्ट्राच्या कामाला लागले. ह्याबद्दल आजही आपल्याकडे दोन मते आहेत. कोणी म्हणतात त्यांनी पदासाठी विदर्भ सोडला, कोणी म्हणतात त्यांनी मराठी माणसांची एकी राखली. माझ्या घरातच ह्यावर दोन पक्ष आहेत, व पोळ्याच्या दिवशी ते हमखास भांडतात. मला स्वतःला मत बदलणे हा दोष वाटत नाही. बदललेल्या मताची किंमत काय घेतली, हे मात्र पाहावे. विदर्भाच्या वाट्याला जी एक गोष्ट आली ती म्हणजे दरवर्षी नागपुरास भरणारे विधिमंडळाचे अधिवेशन. पुष्कळजण त्याला संत्री खाण्याचे अधिवेशन म्हणून हसतात. मी हसत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

१९६२ च्या २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले. सीमेवर आपली पीछेहाट झाली. पंडित नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावून घेतले, आणि बरोबर महिन्याने, २० नोव्हेंबर १९६२ रोजी, दादासाहेब महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. दुसऱ्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली. पण भीती व टंचाई मागे राहिली. यशवंतरावांसारख्या कर्तबगार माणसाच्या जागी बसणे सोपे नव्हते. ज्या गादीवर आधीचा माणूस शोभून दिसला, तिच्यावर नव्याला उठता बसता तोलले जाते. घरातल्या धाकट्या सुनेला ह्याचा अनुभव असतोच.

त्या वर्षी सरकारने लोकांना द्यायचे सोडून लोकांकडे मागितले. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी पैसा मागितला, सोने मागितले. राज्यात निधी जमवण्याचे काम दादासाहेबांच्या कारकिर्दीत मोठ्या जोराने झाले. बायकांनी बांगड्या उतरवून दिल्या, अंगठ्या दिल्या, काहींनी मंगळसूत्रातील वाट्याही दिल्या. त्याच सुमारास, १९६३ च्या जानेवारीत, मोरारजीभाईंचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला आणि चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. सराफकट्ट्यावरच्या गरीब सोनारांची चूलच बंद पडली. हा निर्णय दिल्लीचा होता, पण त्याचे चटके गल्लीत बसले. संकटात सरकारने बायकांकडे सोने मागितले ह्याबद्दल तक्रार नाही, बायकांनी ते आनंदाने दिले. मागणारा माणूस स्वतः फाटक्या घरातून आलेला आहे हे लोकांना ठाऊक असले म्हणजे मागण्याला वजन येते. दादासाहेबांच्या शब्दाला तसे वजन होते.

त्या संकटानंतरच्या काळात भद्रावतीजवळ चांदा आयुध निर्माणी उभी राहिली व आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत पगाराचा पैसा आला. १९६२ च्या १ मे पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. त्यांचे पहिले पाऊल दादासाहेबांच्याच वर्षात पडले. मुंबईचा कारभार जिल्ह्यात आणावा, ही कल्पना उत्तम होती. परंतु त्या सभागृहांत बायका नावालाच होत्या. १९९३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्राने निम्म्या केल्या. तरी कित्येक गावी खुर्ची बाईची व बोलणे तिच्या नवऱ्याचे, हा प्रकार आपण पाहतोच.

येथे मला दारूची गोष्ट लिहावयाची आहे. दादासाहेबांच्या काळी सर्व राज्यात दारूबंदी होती. हातभट्ट्या तेव्हाही चालत. नंतर बंदी सैल झाली व चंद्रपुरात दुकाने वाढली. गडचिरोलीत १९९३ साली बंदी झाली, ती आजही आहे. चंद्रपुरातही व्हावी म्हणून २०१० च्या डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातील हजारो बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. नागपूरलाच का? कारण सरकार तेव्हा तेथे अधिवेशनाला आले होते. मुंबईपर्यंत त्या चालत जाऊ शकल्या नसत्या. त्या अधिवेशनाला मी हसत नाही, त्याचे कारण हेच. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव केले. १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली, आणि २०२१ च्या मे महिन्यात ती उठवली गेली. उठवताना सांगितले गेले की बंदी फसली, चोरटी दारू वाढली, मुलेही त्या धंद्यात ओढली गेली. ह्यात खोटे काही नाही. आपल्याही वस्तीत पिशव्यांतून दारू येत होती. पण बंदी आणताना ज्या बायकांची पावले मोजली, त्या बायकांना बंदी उठवताना पुन्हा एका रांगेत बसवून विचारले असते, तर कोणते कलम ठेवावे व कोठे पोलीस बसवावा हे त्यांनी नेमके सांगितले असते.

१९६३ साली सरकारने बाईकडे सोने मागितले. २०२४ साली लाडकी बहीण योजनेत सरकारने बाईला महिन्याला दीड हजार रुपये देण्यास सुरुवात केली. ते पैसे कामाला येतात, मी नाही म्हणत नाही. कोणाच्या औषधाला लागतात, कोणाच्या मुलीच्या वह्यांना. मागणेही झाले, देणेही झाले. तिसरी गोष्ट, म्हणजे विचारणे, ती राहून जाते. चुलीजवळचे शहाणपण दादासाहेबांना विचारावे लागले नाही, ते त्यांच्या घरातच होते. पण प्रत्येक मुख्यमंत्र्याच्या घरी खाणावळ असणार नाही. तेव्हा विचारण्याची सोय कायद्यातच हवी. रेशनचा तांदूळ कोणत्या वारी यावा, अंगणवाडी कोणत्या टोल्यावर हवी, बस शाळा सुटण्याआधी जाते की नंतर, ह्या गोष्टी बायकांच्या ग्रामसभेत ठरल्या पाहिजेत. कायद्याने गावच्या मुख्य ग्रामसभेपूर्वी बायकांची ग्रामसभा घ्यावयाची असते. ती किती गावांत खरोखर भरते व किती गावांत नुसत्या सह्या गोळा होतात, हे आपापल्या माहेरी चौकशी करून पाहावे.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच, दादासाहेबांचे निधन झाले. वय ६३. त्याच्या दोनच दिवस आधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती व सारी वर्तमानपत्रे त्या बातमीने भरलेली होती. त्यात चांद्याच्या ह्या माणसाची बातमी आली. थोडे दिवस बाळासाहेब सावंत यांनी काम पाहिले आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांना अकरा वर्षांहून अधिक काळ मिळाला. दादासाहेबांच्या वाट्याला एकच वर्ष आले, तेही युद्धाच्या सावलीतले. एका वर्षात धानाचे एकच पीक निघते, आणि त्यावरून शेतकऱ्याची पारख कोणी करीत नाही.

दुसऱ्या वर्षी, १९६४ साली, चांद्याची लोकसभेची जागा पोटनिवडणुकीत लढवली गेली व तेथून गोपिकाबाई निवडून आल्या. खाणावळीची चूल पेटवणाऱ्या ताई दिल्लीस संसदेत जाऊन बसल्या. त्यानंतर चंद्रपूरहून दुसरी बाई लोकसभेवर जायला साठ वर्षे लागली. २०२४ साली प्रतिभाताई धानोरकर निवडून आल्या. दोघींच्याही बाबतीत तिकीट मिळाले ते पती वारल्यानंतर.